हरिगोलातील पहाट

बंगळूर हे समुद्रापासून दूर असलेले नगर आहे. दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर ते वसले आहे. पश्चिमेला मंगळूरचा किनारा आणि पूर्वेला चेन्नईचा किनारा, दोन्ही सडकेने साडेतीनशे किलोमीटरांच्या घरात. १५३७ मध्ये केंपेगौडाने वसविलेल्या आणि पुढे शहाजीराजांच्या जहागिरीमुळे मराठी माणसाच्या ओळखीच्या झालेल्या या नगराने तळी पुष्कळ पाहिली, परंतु भरती-ओहोटी कधी पाहिली नाही. असे असूनही, पहाटेच्या अंधारात एका लहानशा नावेत बसावे, पाण्यात गळ सोडावा आणि सूर्य वर येईपर्यंत त्या दोरीकडे पाहत राहावे, या छंदाची एक मोठी परंपरा बंगळूरच्या आसपास नांदली. ती समुद्रावर नांदली नाही, कावेरीवर नांदली. त्या परंपरेची, तिच्यातल्या नावेची आणि त्या नावेतून हाती लागलेल्या एका माशाची हकीकत ऐकण्याजोगी आहे. कारण तिच्यात महाराष्ट्राचाही एक धागा गुंतलेला आहे, आणि तो धागा सुखाचा आहे की दुःखाचा हे ठरविणे सोपे नाही.

एकट्यादुकट्या माणसाने लहान नावेतून मासे मारणे ही गोष्ट कोकणच्या माणसाला नवी नाही. मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला उलांडी लावलेली होडी घेऊन पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडणारे आणि ऊन चढून खारा वारा सुटला की परतणारे गरवणारे पिढ्यान् पिढ्या होऊन गेले. जगाच्या दुसऱ्या टोकाला, ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंतच्या बर्फाळ किनाऱ्यांवर, इन्युइट लोकांनी याच कामासाठी कयाक नावाची नाव घडविली. वाहून आलेल्या लाकडाची किंवा व्हेल माशाच्या हाडांची चौकट, तिच्यावर ताणून शिवलेले सीलचे कातडे, मध्ये माणसाच्या कमरेएवढे एकच भोक आणि हातात दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे, एवढाच तिचा संभार. आज अनेक देशांतील हौशी मंडळी त्याच आकाराच्या नव्या पदार्थांच्या कयाकमध्ये बसून पहाटे समुद्रात गळ टाकतात.

कावेरीवरची नाव दिसायला कयाकहून अगदी निराळी आहे. कयाक लांबट आणि टोकदार, तर ही वाटोळी, एखाद्या अजस्र टोपलीसारखी. कन्नड भाषेत हिला हरिगोलु म्हणतात. आपण हरिगोल म्हणू. परंतु रूप वेगळे असले तरी दोघींची कुळी एकच आहे. बांबूच्या चिवट कांब्यांचे विणकाम हा हरिगोलाचा सांगाडा, आणि त्यावर पूर्वी जनावराचे कातडे चढवीत. हलका सांगाडा आणि त्यावर पाणी न शिरू देणारे आवरण, ही युक्ती झाडे न उगवणाऱ्या प्रदेशातील माणसाला सुचली आणि दक्षिणेतील खडकाळ नद्यांच्या काठच्या माणसालाही सुचली. पुढे कातड्याची जागा डांबर फासलेल्या गोणपाटाने आणि प्लास्टिकच्या कापडाने घेतली. आता तर काचतंतूंचे तयार हरिगोलही मिळतात.

ही नाव किती जुनी असावी? ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने बाबिलोनच्या वर्णनात ढालीसारख्या वाटोळ्या, कातड्याने मढविलेल्या नावांची मोठी नवलाईने नोंद केली आहे. नदीच्या वरच्या अंगाने माल घेऊन व्यापारी त्यात बसत आणि सोबत एक गाढवही घेत. बाबिलोनला पोचले की माल विकायचा, सांगाडाही विकायचा आणि कातडी गाढवावर लादून पायी परतायचे. कारण प्रवाहाच्या उलट अशी नाव नेणे शक्य नसे. आपल्याकडे १५२० च्या सुमारास विजयनगरला आलेल्या दोमिंगो पाएस या पोर्तुगीज प्रवाशाने तुंगभद्रेवर आनेगुंदीकडे जाणाऱ्या अशाच टोपलीवजा नावा पाहिल्या. त्यांतून माणसे जात, प्रसंगी घोडे आणि बैलही जात, आणि चालताना त्या सारख्या गरगर फिरत, असे तो सांगतो. हंपीला गेलेल्या अनेक मराठी यात्रेकरूंनी तो गरगराट स्वतः अनुभवला असेल.

हे फिरणे नवख्याला भय घालते. परंतु कावेरीच्या खडकाळ पात्रात याच नावेवाचून निभाव लागत नाही. तिला नाळ नाही आणि तळाला कणा नाही. वीतभर पाणी असले तरी ती तरंगते, खडकाला लागली तर फुटण्याऐवजी वळून बाजूला सरते, आणि काम संपल्यावर नावाडी तिला पालथी करून डोक्यावर घेऊन काठाने वरच्या अंगाला चालू लागतो. तिला एकच वल्हे. नावाडी पुढच्या कडेला बसतो आणि ते वल्हे पाण्यात नागमोडी फिरवून नाव आपल्याकडे ओढून घेतो. हे पाहणाऱ्याला सोपे वाटते. हातात वल्हे घेतल्यावर मात्र पहिला अर्धा तास नाव जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरत राहते.

आता माशाकडे वळू. गळाने मासे धरणे हा आपल्याकडे साहेबाने आणलेला खेळ आहे, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. मराठीतील अगदी जुन्या पद्यरचनेच्या खुणा त्यात सापडतात. त्याच ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे एक प्रकरण आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते आणि बिनखवल्यांचे कोणते, कोणता मासा काय खातो, त्याला कोणते आमिष दाखवावे, दोरी कशी वळावी, काठी कशी धरावी, याचे तपशीलवार विवेचन राजाने केले आहे. ठरावीक जागी रोज खाद्य टाकून माशांना तेथे यायची सवय लावावी, हेही तो सांगतो. १९५१ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. आठ शतकांहूनही अधिक काळापूर्वी याच मुलखात एक राजा पिठाचे गोळे करून नदीकाठी बसत होता, ही कल्पना मोठी मनोरम आहे.

इंग्रजी अमलात या विनोदाला खेळाचे रूप आले. १८७३ मध्ये एच. एस. थॉमस या मद्रास इलाख्यातील अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले आणि महाशीर या माशाची कीर्ती विलायतेपर्यंत पोचली. म्हैसूरच्या मुलखातील कावेरी आणि तिची उपनदी कपिला, म्हणजेच कबिनी, या नद्यांतील महाशीर आकाराने सर्वांत मोठा. १९१९ मध्ये कावेरीत ११९ पौंडांचा एक मासा धरल्याची नोंद आहे. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एका गृहस्थांनी कबिनीत १२० पौंडांचा मासा धरला. १२० पौंड म्हणजे सुमारे ५४ किलो, एका प्रौढ माणसाचे वजन. गळाने धरलेला यापेक्षा मोठा महाशीर नोंदवहीत सापडत नाही.

स्वातंत्र्यानंतर काही काळ अशी समजूत पसरली की, हे मोठे मासे आता संपले. १९७२ मध्ये बंगळूरच्या निसर्गप्रेमी आणि गळप्रेमी मंडळींनी वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साऊथ इंडिया ही संस्था स्थापन केली आणि कावेरीच्या काही भागाची राखण सुरू केली. त्याच दशकाच्या अखेरीस इंग्लंडहून आलेल्या एका लहान पथकाला कावेरीत पुन्हा प्रचंड महाशीर सापडले आणि जगभरचे गळप्रेमी बंगळूरला उतरू लागले. पुढे भीमेश्वरी, गलिबोरे, दोड्डमाकळी या ठिकाणी कावेरीकाठी मुक्कामाच्या छावण्या उभ्या राहिल्या. बंगळूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवरची ही ठिकाणे. रात्री निघावे आणि पहाटे नदीवर असावे, इतके हे अंतर सोयीचे होते.

त्या वर्षांतली एखादी सकाळ कशी असे? जानेवारी ते मार्च हे दिवस. पावसाळ्याचा गढूळ लोंढा ओसरलेला, पाणी निवळलेले, खडक उघडे पडलेले. काठावर अर्जुनाचे आणि चिंचेचे मोठे वृक्ष. पूर्वेला फटफटण्यापूर्वी नावाडी हरिगोल पाण्यावर ठेवतो. आत दोन माणसे, एक लांब काठी, रीळ, जाड तंगूस आणि एका फडक्यात गुंडाळलेले नाचणीचे गोळे. मोठमोठ्या परदेशी कंपन्यांची चकचकीत आमिषे पेटीत असली तरी कावेरीवर खरा मान नाचणीचा. पीठ मळून शिजवायचे, त्यात बडीशेपेसारखे वासाचे जिन्नस घालायचे आणि लिंबाएवढा घट्ट गोळा गळावर असा दाबून बसवायचा, की धावत्या पाण्यातही तो सुटू नये. कर्नाटकातील शेतकरी जे मुद्दे खाऊन नांगराला जातो, त्याच अन्नावर कावेरीचा सर्वांत मोठा मासा लोभावतो.

हरिगोल एका खडकाच्या आडोशाला धरतात. समोर पाणी खळाळत असते, त्याच्या कडेला एक शांत डोह असतो. खळाळ आणि डोह यांच्या शिवेवर गोळा जाऊन पडतो. मग वाट पाहणे सुरू होते. ऊद माशांमागे बुड्या मारत वर येतात. पलीकडच्या वाळूवर ओंडक्यासारखी पडलेली वस्तू ओंडका नसून मगर आहे, हे उजाडल्यावर कळते. कधी हत्तींचा कळप पाण्यावर येतो. तेव्हा नावाडी वल्हे आवरून निमूट बसतो, कारण त्या वेळी नदी हत्तींची असते. नावेत बसलेल्या माणसाची नजर पाण्यापासून हातभर उंचीवर असते. काठावरून पाहणाऱ्याला नदी हे एक दृश्य वाटते. हरिगोलात बसलेल्याला तिचा प्रत्येक श्वास बुडाखालच्या कांब्यांतून जाणवतो.

महाशीर आमिष घेतो तो चाचपडत घेत नाही. दोरी एकदम ताणली जाते आणि रिळातून किंचाळल्यासारखा आवाज करीत सुटते. त्याच्या जबड्यात दात नाहीत, पण घशात आहेत, आणि ते इतके बळकट की खेकड्याच्या कवचाचा चुरा करतात. गळाचे पोलाद वाकविण्याचीही त्यांची तयारी असते. पहिल्याच धावेत तो दीडदोनशे हात खाली जातो आणि दोरी एखाद्या खडकाच्या कपारीत अडकवितो. येथे नावाड्याचे कौशल्य लागते. तो हरिगोल प्रवाहात सोडतो, खडकापाशी नेमका वळवितो, दोरी सोडवितो आणि माशाच्या मागे नाव गरगरत खाली जाऊ देतो. ओढणारा मासा असतो, ओढला जाणारा माणूस. हे द्वंद्व कधी अर्धा तास चालते, कधी त्याहून अधिक.

शेवटी मासा थकून काठाच्या उथळ पाण्यात येतो. त्याला पाण्याबाहेर फार वेळ ठेवीत नसत. झोळीत वजन करायचे, लांबी मोजायची, एखादे छायाचित्र घ्यायचे आणि मग नावाडी त्याला दोन्ही हातांनी प्रवाहाकडे तोंड करून धरी. कल्ल्यांतून पाणी वाहू लागले, शेपटीत जोर आला, की हात सैल सोडायचा. मासा एकदा शरीर वळवी आणि डोहात नाहीसा होई. छावणीवर परतल्यावर नोंदवहीत एक ओळ लिहिली जाई : तारीख, जागा, किती तास गळ टाकला, मासा कोणता, वजन किती.

हे नावाडी कोण होते, हेही सांगितले पाहिजे. काठच्या गावांतली ही माणसे; त्यांपैकी काही जण पूर्वी सुरुंगाच्या दारूने मासे मारीत. डोहात एक स्फोट केला की लहानमोठे सारे मासे पोट वर करून तरंगू लागतात. हाती लागतात त्यांच्या कितीतरी पट वाया जातात आणि पिलांची पिढीच नष्ट होते. जिवंत माशामागे रोजगार मिळू लागल्यावर हेच लोक नदीचे राखणदार झाले. कोणत्या डोहात कोणता मासा राहतो, कोणत्या महिन्यात तो वर चढतो, पाण्याचा रंग बदलला म्हणजे काय समजावे, हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते त्यांच्याजवळ होते.

आता त्या नोंदवहीकडे वळू, कारण या कथेचे मर्म तिच्यात आहे. गलिबोरेच्या छावणीतील १९९८ ते २०१२ या वर्षांच्या नोंदी पुढे शास्त्रज्ञांनी तपासल्या. गळ टाकण्याचे २३,००० हून अधिक तास आणि ६,००० हून अधिक महाशीर, एवढा तो ऐवज. हौशी माणसांनी सहज लिहून ठेवलेल्या या ओळींतून एक विलक्षण गोष्ट बाहेर आली. वरवर पाहता सारे काही उत्तम दिसत होते. वर्षागणिक मासे अधिक सापडत होते. पण ते सरासरीने लहान होत होते. आणि अधिक बारकाईने पाहता ते एकाच जातीचे नव्हते.

कावेरीचा मूळचा महाशीर म्हणजे पाठीवर उंच वशिंड असलेला, नारिंगी झाक असलेल्या परांचा मासा. कीर्ती झाली ती याची. विक्रमाचे ते प्रचंड मासेही याच जातीचे मानले जातात. नोंदवहीत मात्र निळसर परांच्या दुसऱ्या एका महाशीराची संख्या भराभर वाढत होती आणि वशिंडाचा मासा ओसरत होता. त्यातही चिंतेची गोष्ट अशी की, जे थोडे वशिंडाचे मासे सापडत, ते मोठे आणि वयस्क असत. लहान सापडतच नसत. एखाद्या गावात केवळ म्हातारी माणसे उरावीत आणि एकाही अंगणात पाळणा हलू नये, तशी त्या जातीची अवस्था झाली होती.

हा निळ्या परांचा मासा कोठून आला? तो आला महाराष्ट्रातून. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या जलविद्युत तलावाशेजारी १९७० च्या सुमारास महाशीराची अंडी कृत्रिम रीतीने फळविण्याचे काम सुरू झाले. महाराष्ट्रातील ज्येष्ठ मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी या माशाच्या प्रजननाचा मूलगामी अभ्यास केला. धरणांमुळे महाशीर वरच्या अंगाला चढू शकत नाही, अंडी घालण्याच्या जागा त्याला दुरावतात, म्हणून माणसानेच पिले वाढवून नद्यांत सोडावीत, हा हेतू निःसंशय उदात्त होता आणि ते काम नावाजण्याजोगेच होते. देशातील अनेक नद्यांना आणि तलावांना लोणावळ्याहून पिले गेली. कावेरीलाही गेली. महाशीर कमी झाले आहेत, तर महाशीर सोडावेत, इतका हा विचार सरळ होता.

परंतु दख्खनचा महाशीर आणि कावेरीचा वशिंडाचा महाशीर या दोन वेगळ्या जाती आहेत, याकडे त्या वेळी पुरेसे लक्ष गेले नाही. पाहुणा चिवट निघाला. तो त्या पाण्यात रुजला आणि फोफावला. यजमानावर मात्र आधीच अनेक संकटे कोसळलेली होती : धरणे, वाळूचा उपसा, सुरुंगाची दारू, शहरांचे सांडपाणी. त्यांत अन्नासाठी आणि जागेसाठी या नव्या भावाशी स्पर्धा करण्याची पाळी आली. नदीत महाशीर भरपूर दिसत असल्यामुळे, नदीचा स्वतःचा महाशीर जात आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही. नोंदवही नसती तर कदाचित आणखी बराच काळ आले नसते.

येथे नावांची एक चमत्कारिक कथा निघते, आणि तीही महाराष्ट्रातच सुरू होते. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी पुण्यास राहून दख्खनचे पशुपक्षी, मासे आणि शेतीभाती यांची टिपणे करीत असे. १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली आणि मराठी बोलीतली नावेच लॅटिन पेहरावात शास्त्राला दिली. पुण्याजवळ मुळा-मुठेच्या पात्रात सापडलेल्या महाशीराला त्याने ‘खुद्री’ म्हटले. तोच हा निळ्या परांचा मासा. दुसऱ्या एका माशाला त्याने ‘मुसुल्ला’ हे नाव दिले. तो शिरूरकडच्या घोड नदीतला. कावेरीच्या वशिंडाच्या महाशीराला पुढच्या अनेक लेखकांनी हे दुसरे नाव चिकटविले. घोड नदीतला तो मासा महाशीराच्या कुळातलाच नव्हे, हे पुढील काळातील संशोधनाने दाखविले. म्हणजे काय झाले? जगातील गळप्रेमी ज्याच्यासाठी सात समुद्र ओलांडून बंगळूरला येत होते, ज्याचे विक्रम छापून येत होते, त्या माशाला शास्त्रात स्वतःचे नावच उरले नाही.

नाव नसणे ही केवळ पंडितांच्या वादाची गोष्ट नव्हती. संकटात सापडलेल्या जीवजातींची जी जागतिक यादी केली जाते, तिच्यात जातीचे निश्चित नाव असल्याखेरीज नोंद होत नाही. ज्याचे नाव खातेवहीत नाही, त्याला रेशन मिळत नाही, तसाच हा प्रकार. अखेर २०१८ मध्ये कावेरीच्या खोऱ्यातील नमुने तपासून संशोधकांनी दाखविले की, कावेरीची एक उपशाखा असलेल्या केरळातील पांबार नदीतून ‘तोर रेमादेवी’ या नावाने जो मासा पूर्वीच वर्णिला गेला होता, तोच हा वशिंडाचा महाशीर. नाव सापडले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जागतिक यादीत दाखल झाला. नामकरण आणि अखेरच्या आजाराचे निदान एकाच वर्षी व्हावे, असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येत असेल. त्याचे जिवंत नमुने तमिळनाडूतील मोयार नदीत मिळाले. एके काळी कावेरीभर नांदणारा हा मासा आता फार थोड्या जागी तग धरून आहे.

मधल्या काळात नदीवरचे चित्रही पालटले. कावेरीकाठचे हे अरण्य १९८७ पासून अभयारण्य आहे. अभयारण्यात शिकार नको आणि गळ टाकणे हीही शिकारच, असा कायद्याचा अर्थ लावण्यात आला आणि छावण्यांतील गळ बंद झाला. या निर्णयाला दोन बाजू आहेत, आणि दोन्ही ऐकून घेण्याजोग्या आहेत. खेळासाठी एका मुक्या प्राण्याच्या ओठात गळ अडकवावा आणि त्याच्या धडपडीत आनंद मानावा, हे अनेकांच्या मनाला पटत नाही. सोडून दिला तरी त्याला वेदना झालीच, असे ते म्हणतात; आणि या म्हणण्याला उत्तर देणे सोपे नाही. उलट, नदीवर वर्षानुवर्षे राहिलेली माणसे विचारतात की, गळवाले गेले, त्यांच्याबरोबर नावाड्यांचा रोजगार गेला, रात्रंदिवस नदीवर असणारे डोळे गेले. मग सुरुंगाच्या दारूवर पहारा कोणाचा? शिवाय नोंदवहीही मिटली. आता मासे किती आणि कोणते, हे सांगणारी ती साधी ओळ लिहायची कोणी?

आपल्या परंपरेने या प्रश्नाला एक तिसरे उत्तर फार पूर्वी दिलेले दिसते. शृंगेरीला तुंगेच्या घाटावर मोठमोठे मासे निर्धास्त फिरतात. त्यांना कोणी गळ दाखवीत नाही, भाविक त्यांना लाह्या-तांदूळ घालतात. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंडीचे महाशीर देवीचे मासे म्हणून राखले गेले. तेथे कायद्याचा शिपाई नाही; श्रद्धेची राखण आहे. परंतु या राखणीची सीमा एका डोहापुरती असते. पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी कोसच्या कोस वर चढणाऱ्या माशाला एक घाट पुरत नाही, सबंध नदी लागते. आणि सबंध नदी राखायची तर ती भक्ती नदीच्या उगमापासून मुखापर्यंत पसरावी लागेल.

हे सांगताना पुन्हा बंगळूरकडे वळावे लागते. १९७४ पासून बंगळूर कावेरीचे पाणी पिते. सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून आणि सुमारे ५०० मीटर उंची चढवून ते पाणी नगरात आणले जाते. लक्षावधी घरांतील तांब्याभांड्यांत रोज सकाळी कावेरी उतरते. त्या पाण्याचे पुढे काय होते? वृषभावती ही एके काळची निर्मळ नदी आज नगराचे सांडपाणी वाहते. ती अर्कावतीला मिळते, आणि अर्कावती संगम येथे कावेरीला. गलिबोरे या संगमाच्या जवळच आहे. याचा अर्थ असा की, नगर कावेरीचे पाणी घेते आणि मळवून तिलाच परत करते, आणि परत करते ते नेमके महाशीराच्या दारात. समुद्र नसलेल्या नगराने एका नदीशी असा रोजचा व्यवहार मांडला आहे. त्यातली जमेची बाजू घरोघरी दिसते, खर्चाची बाजू पाण्याखाली असते.

या कथेत दुष्ट असे कोणी सापडत नाही. पिले वाढविणाऱ्या शास्त्रज्ञांनी प्रेमाने वाढविली. ती नदीत सोडणाऱ्यांनी नदीचे भले व्हावे म्हणूनच सोडली. गळ बंद करणाऱ्यांनी प्राण्यावरील दयेने बंद केला. साइक्सने तर मराठी नाव शास्त्रात अमर केले. तरीसुद्धा या साऱ्या सदिच्छांच्या गर्दीत तो एक वशिंडाचा मासा बाजूला लोटला गेला, कारण तो कोण आहे हे विचारण्याचे राहून गेले. मुळा-मुठेचा मासा आणि कावेरीचा मासा आपल्या नजरेला सारखेच दिसले. नदीला मात्र ते सारखे नव्हते. प्रत्येक नदीने आपल्या खडकांना, आपल्या पुराला आणि आपल्या डोहांना साजेसा जीव हजारो वर्षांत घडविलेला असतो. त्याची जागा दुसऱ्याने भरून निघत नाही. दया आणि दान ही थोरच आहेत; परंतु देण्यापूर्वी घेणाऱ्याची ओळख करून घेणे हा दानाचाच भाग आहे.

ही ओळख पटविण्याचे श्रेय एका टोपलीला आणि एका वहीला द्यावे लागते. हरिगोलात मोजकीच माणसे बसतात. ती नदीच्या अंगाशी बसतात, एका वेळी एकच मासा धरतात, त्याला नीट न्याहाळतात, मोजतात आणि लिहून ठेवतात. मोठ्या योजनांना जे दिसले नाही, ते या लहान नावेतून दिसले. गळ पुन्हा सुरू व्हावा की नाही, याचा निर्णय कायदा आणि समाज करतील. परंतु कावेरीवर रोज पहाटे कोणीतरी हरिगोल घेऊन उतरावे, हातात गळ नसला तरी वही असावी, काठच्या नावाड्यांचे ज्ञान त्या वहीत उतरावे आणि त्यांच्या पोटालाही त्यातून आधार मिळावा, एवढे तर आजही करता येण्याजोगे आहे. वशिंडाच्या महाशीराचे एखादे लहान पिलू एखाद्या सकाळी त्या वहीत नोंदले गेले, तर ती ओळ १२० पौंडांच्या विक्रमापेक्षा मोठी ठरेल.